विश्रामबाग हिरवा, पुढचे सगळे लाल: सिग्नल जोडायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मिरजेहून सांगलीला रोज दुचाकीवरून कामाला येता. विश्रामबागला सिग्नल सुटतो, पुष्पराज चौकात लाल लागतो, तिथून सुटलात की राम मंदिर चौकात पुन्हा लाल. संध्याकाळी परतताना त्याहून वाईट. खांबाखांबावर सेकंद मोजणारे टायमर लावलेत, मग एक हिरवा मिळाला की पुढचे सगळे हिरवे मिळतील असे सिग्नल एकमेकांना जोडायला अडचण काय? आणि महापालिकेला अर्ज द्यायचा तर त्यात लिहायचं काय?

माझं काम सिग्नलचं टायमिंग बसवण्याचं. चौकात उभं राहून गाड्या मोजायच्या, तक्ता करायचा, तो कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या पेटीत भरायचा आणि मग त्याच चौकात पुन्हा उभं राहून लोक काय बोलतात ते निमूट ऐकायचं. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या चौकांचे आजचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून खाली हिशोबाला धरलेली अंतरं सोयीची आहेत. तुम्ही खरी मोजून त्या जागी घाला.

जोडणं हे काम जुनं आहे आणि सोपंही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९१७ साली सहा चौकांचे सिग्नल तारेने जोडून एका ठिकाणाहून हाताने चालवत होते. आज तर तारही लागत नाही. अवघड भाग पुढचा आहे: लाट, म्हणजे ओळीने मिळणारे हिरवे, कोणाला द्यायची, कोणत्या वेळेला द्यायची आणि तिच्यापायी थांबायचं कोणी, हे ठरवणं. सगळ्यांना सगळीकडे हिरवा मिळणार नाही, एवढं आधी मान्य करून पुढे वाचा.

पण त्याही आधी दुखणं कोणतं आहे ते शोधावं लागेल. ‘सगळे लाल लागतात’ ही तक्रार एकच असली तरी तिची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. हे शोधायला मशीन लागत नाही. दोघं जण दोन लगतच्या चौकांत उभे राहा. मोबाइलमधलं घड्याळ नेटवर्कवरून वेळ घेतं, त्यामुळे दोघांची वेळ सेकंदापर्यंत जुळते. मिरजेकडून येणाऱ्या बाजूचा हिरवा किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी लागला, हे दोघांनी सलग दहा वेळा कागदावर लिहायचं. नंतर एकत्र बसून वजाबाकी करायची.

पहिल्या चौकात हिरवा लागल्यानंतर दुसऱ्यात तो किती सेकंदांनी लागतो, हा फरक दर फेरीला सरकत असेल, म्हणजे आत्ता २०, मग ३०, मग ४०, तर दोन्ही चौकांची सायकल, म्हणजे एका पूर्ण फेरीचा वेळ, वेगवेगळी आहे. एक ९० सेकंदांत फिरतो, दुसरा १०० सेकंदांत. अशा दोन सिग्नलांत ताळमेळ असूच शकत नाही. एखाद्या दिवशी तुम्हाला सगळे हिरवे मिळतात तो निव्वळ योगायोग. लेझीम पथकात प्रत्येकाचे पाय पक्के असले तरी हलगी एकच लागते, तसं हे आहे. एका मालिकेतल्या सगळ्या चौकांची सायकल एकच हवी. फार तर लहान चौकाला मोठ्याच्या बरोबर निम्मी चालते.

फरक एका दिवसात पक्का राहतो, पण आठवड्याने पुन्हा मोजल्यावर काही सेकंदांनी बदललेला दिसतो, असं असेल तर कंट्रोलरची घड्याळं पुढेमागे होत आहेत. याकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. साध्या कंट्रोलरमधलं क्वार्ट्झचं घड्याळ दहा लाखांत वीस भाग एवढं चुकलं तरी ते चांगलंच घड्याळ म्हणायचं. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक, महिन्याला पन्नास सेकंद. एक घड्याळ पुढे आणि शेजारचं मागे जात असेल तर त्याच्या दुप्पट. ९० सेकंदांच्या सायकलमध्ये पन्नास सेकंद इकडचे तिकडे झाले म्हणजे अर्ध्याहून जास्त चक्र फिरलं. ज्या दिवशी टायमिंग बसवलं त्या दिवशी फोटो निघाले, हिरवी लाट दिसली, आणि पुढच्या महिन्यात तीच लाट लाल झाली.

त्यात वीज गेली की आणखी गंमत. बॅटरी नसलेला कंट्रोलर वीज आल्यावर सुरुवातीपासून चक्र चालू करतो. शेजारच्या चौकाचा फीडर, म्हणजे विजेची लाइन, वेगळा असतो, तिथे वीज गेलेलीच नसते. झालं, सगळं गणित मोडलं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कंट्रोलरला जीपीएस घड्याळ आणि बॅटरी बॅकअप. जीपीएस उपग्रहाकडून वेळ घेतं, त्यामुळे सगळे चौक एकाच घड्याळावर राहतात आणि वीज आल्यावर कंट्रोलर ‘आत्ता या वेळेला मी चक्रात कुठे असायला हवं’ ते शोधून तिथे जाऊन मिळतो. रस्ता खोदून केबल टाकण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. माझं मत विचाराल तर पहिला पैसा इथे घालावा.

फरक कसाही उड्या मारत असेल तर चौकातला हवालदार हाताने सिग्नल चालवतोय असं समजा. त्याला दोष देऊ नका. एका बाजूची रांग मागच्या चौकापर्यंत गेली की त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. पण हाताने चालवलेल्या चौकात लाट येऊन मोडते, हेही खरं.

आणि फरक दर फेरीला, दर आठवड्याला सारखाच येत असूनही तुम्हाला लाल लागत असेल, तर सिग्नल जोडलेले आहेत, फक्त आकडा चुकीचा आहे किंवा मुद्दाम दुसऱ्या दिशेच्या सोयीने ठेवला आहे. यापुढचं सगळं या प्रकाराबद्दल.

या धंद्यात तीन आकडे महत्त्वाचे. सायकल म्हणजे सगळ्या बाजूंची एक पूर्ण फेरी व्हायला लागणारा वेळ. स्प्लिट म्हणजे त्यातली कोणत्या बाजूला किती सेकंद. आणि ऑफसेट म्हणजे पहिल्या चौकात हिरवा लागल्यावर दुसऱ्या चौकात तो किती सेकंदांनी लागायचा. तुम्ही ज्याला जोडणं म्हणता, ते या ऑफसेटचं काम.

क, ख, ग असे ओळीने तीन चौक धरा. मिरजेकडून आधी क, मग ६०० मीटरवर ख, त्यापुढे ४०० मीटरवर ग. गाड्यांचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. क ते ख ६० सेकंद, ख ते ग ४० सेकंद. मग ख चा हिरवा क च्या नंतर ६० सेकंदांनी आणि ग चा त्यानंतर ४० सेकंदांनी सोडला की काम झालं. क वर सुटलेला जथा कुठेही पाय न टेकवता ग पार करतो. रस्ता एकेरी असता तर माझं उत्तर इथेच संपलं असतं.

आता परत या. सायकल ९० सेकंदांची आणि दोन्ही समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी ४० सेकंद हिरवा आहे, असं धरू. क चा हिरवा ० ला लागला, ख चा ६० ला, ग चा १०० ला, म्हणजे पुढच्या फेरीतल्या १० व्या सेकंदाला. ग वरून १० व्या सेकंदाला सुटलेला माणूस ख वर ५० ला पोचतो. तिथे लाल. दहा सेकंद थांबून ६० ला सुटतो आणि क वर १२० ला पोचतो, म्हणजे त्या फेरीतला ३० वा सेकंद. क चा हिरवा ४० ला संपतो. पहिल्या दहा सेकंदांत आलेल्या गाड्या निघून जातात, मागच्या सगळ्या अडकतात. जाताना ४० सेकंदांची पूर्ण लाट, येताना दहा सेकंदांची फट. संध्याकाळी तुम्हाला जो अनुभव येतो तो बहुधा हाच. कोणीतरी सकाळच्या दिशेने आकडे बसवलेत आणि दिवसभर तेच चालू आहेत.

दोन्ही दिशांना लाट कधी मिळते? दोन चौकांमध्ये जाऊन परत यायला लागणारा वेळ सायकलच्या पटीत बसला तर. ६०० मीटरला जाऊन-येऊन १२० सेकंद, म्हणून त्याला १२०, ६० किंवा ४० ची सायकल मानवते. ४०० मीटरला जाऊन-येऊन ८०, म्हणून त्याला ८० किंवा ४०. दोघांना चालेल अशी एकच सायकल उरते, ४० सेकंदांची, आणि चार बाजूंच्या चौकात ४० सेकंदांत काहीच होत नाही. निम्मा वेळ पिवळ्यात आणि गाड्या हलायला लागण्यातच जातो. चौक बांधताना कोणी अंतरं सिग्नलच्या सोयीने ठेवलेली नसतात, त्यामुळे परदेशी पुस्तकातला हा नियम आपल्या रस्त्यावर आणला की इथेच अडतं आणि माणूस म्हणतो, दोन्हीकडे शक्य नाही.

पण आपल्याकडे एक सोय आहे जी पुस्तकातल्या चौकात नसते. आपल्या बहुतेक मोठ्या चौकांत चार फेज असतात, म्हणजे चारही बाजू एकेक करून सुटतात. मिरजेकडची बाजू सुटते तेव्हा समोरची सांगलीकडची बाजू थांबलेली असते. सरळ जाणारे आणि उजवीकडे वळणारे एकदमच जातात. यामुळे चौकाची क्षमता घटते, त्याबद्दल मी नेहमी कुरकुर करतो. मात्र त्यातून एक मोकळीक मिळते: समोरासमोरच्या दोन बाजू एकाच वेळी सुटायला हव्यात असं बंधन राहत नाही. चार बाजूंचा क्रम कसाही लावता येतो.

हिशोबच करून दाखवतो. सायकल १२० सेकंद. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४०, दोन आडव्या रस्त्यांना प्रत्येकी २०. यात प्रत्येकाचे पाच सेकंद पिवळा आणि सगळीकडे लाल यात जातात, म्हणजे खरा हिरवा ३५ आणि १५. आता एखाद्या चौकात मिरजेकडची बाजू सुटल्यावर सांगलीकडची बाजू लगेच सोडली तर ती ४० सेकंदांनी सुटते. मध्ये एक आडवा रस्ता घेतला तर ६० सेकंदांनी. दोन्ही आडवे घेतले तर ८० सेकंदांनी. प्रत्येक चौकात या तीनपैकी एक निवडायची मुभा.

सांगलीकडे जाणारी लाट आधीसारखीच ठेवू: क ० ला, ख ६० ला, ग १०० ला. परतीची लाट ग वरून ६० ला सोडू. ती ख वर १०० ला आणि क वर १६० ला, म्हणजे पुढच्या फेरीतल्या ४० व्या सेकंदाला पोचते. आता बघा. क वर जाणाऱ्यांचा हिरवा ०, येणाऱ्यांचा ४०: फरक ४०. ख वर ६० आणि १००: फरक ४०. ग वर १०० आणि १८० (६० अधिक एक फेरी): फरक ८०. तिन्ही फरक आपल्या यादीत आहेत. म्हणजे क आणि ख वर मिरज बाजू, लगेच सांगली बाजू, मग आडवे रस्ते. ग वर मिरज बाजू, मग दोन्ही आडवे, मग सांगली बाजू. फक्त क्रम बदलून दोन्ही दिशांना पूर्ण लाट मिळाली. नवा खांब नाही, कॅमेरा नाही, कंट्रोलरमध्ये चार ओळी बदलायच्या. उदाहरणातली अंतरं जुळणारी निघाली हे कबूल. प्रत्यक्षात इतकं नेमकं बसत नाही, पण दहा-बारा सेकंदांची तडजोड करून बरंच जवळ जाता येतं. ज्या चौकांत चार फेज आहेत तिथे क्रम न तपासता ‘दोन्हीकडे जमणार नाही’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

तुमच्या रस्त्यावर हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण मिरज-सांगली हा सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे वाहणारा रस्ता नाही. सकाळी कामावर सांगलीला येणारे असतात, तसे मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट घेऊन जाणारेही असतात. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची पोरं दोन्ही बाजूंनी येतात. विजयनगरला कलेक्टर ऑफिस आणि कोर्टात जाणारे सांगलीतूनही निघतात, मिरजेतूनही. अशा रस्त्यावर एकाच दिशेला लाट देऊन समाधान मानणं बरोबर नाही.

आता कागदावरून रस्त्यावर येऊ. वर मी ऑफसेट म्हणजे अंतर भागिले वेग असं धरलं. प्रत्यक्षात तेवढाच आकडा भरला तर लाटेतले पहिले लोक रांगेच्या मागे येऊन ब्रेक दाबतात. कारण ख वर आधीच गाड्या उभ्या असतात: क च्या आडव्या रस्त्यांवरून वळून आलेल्या, मधल्या गल्लीतून निघालेल्या, दुकानापुढून सुटलेल्या. लाट पोचायच्या आत ही रांग हलायला हवी. एका लेनमधली एक मोटार निघायला साधारण दोन सेकंद लागतात. रांगेत सहा असतील तर बारा सेकंद. म्हणून ६० च्या जागी ४८. हा आकडा ऑफिसात बसून कळत नाही. मी हिरवा लागायच्या क्षणी किती गाड्या उभ्या आहेत ते दहा-पंधरा फेऱ्या मोजतो आणि मगच भरतो. आपल्याकडे दुचाकी झेब्रावर पुढे येऊन झुंबड करतात आणि पहिल्या चार सेकंदांतच मोकळ्या होतात, त्यामुळे मोजताना मोटारी, रिक्षा आणि बस यांची रांग धरायची, दुचाकींची नाही.

दुसरी गोष्ट थांब्यांची. चौक ओलांडल्यावर लगेच एसटीची शहरी बस थांबते, तिच्या मागे वडापच्या रिक्षा उभ्या राहतात, आणि दोन लेनची एक होते. मागे हिरवा असून गाड्या निघत नाहीत. लोक सिग्नलला शिव्या देतात. बसथांबा चौकापासून शंभरेक मीटर पुढे नेला तर जो फायदा होतो, तो टायमिंगच्या कितीही कसरतींनी होत नाही.

तिसरी आपल्या भागाची खास. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या भरलेला उसाचा ट्रॅक्टर सिग्नलला पहिल्या रांगेत उभा असेल, तर हिरवा लागून तो चौक ओलांडेपर्यंत निम्मा हिरवा संपतो. पुढे तो ताशी २० ने चालला तर ६०० मीटरला १०८ सेकंद. त्याच्यामागे सापडलेल्या सगळ्यांची लाट गेली. यावर टायमिंगमध्ये इलाज नाही. गर्दीच्या तासांत ही वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवणं एवढाच इलाज. मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या ट्रकांचंही तेच.

चौथी तुमच्या हातात आहे. लाट ३६ साठी बसवली असेल आणि तुम्ही ५० ने गेलात तर ६०० मीटर ४३ सेकंदांत कापता आणि १७ सेकंद लाल बघत बसता. ‘मला नेहमी लाल लागतो’ म्हणणाऱ्यांत असे बरेच निघतात. जोडलेल्या रस्त्यावर ‘हे सिग्नल ताशी ३६ साठी लावले आहेत’ अशी पाटी लावावी, असा आग्रह मी धरतो.

लाट किती लांब न्यायची, यालाही मर्यादा आहे. सिग्नलवरून घट्ट सुटलेला जथा पुढे पुढे विस्कटत जातो. वेगवान पुढे जातात, सावकाश मागे राहतात. एखाद्या किलोमीटरनंतर तो जथा राहत नाही, सुटी सुटी वाहनं उरतात. म्हणून विश्रामबागपासून राम मंदिरपर्यंतचा एक गट आणि मिरज गावातल्या चौकांचा वेगळा गट, असं करावं. मिरजेपासून सांगलीपर्यंत एकच लाट मागू नका. मिळणार नाही आणि गरजही नाही.

मग थांबतं कोण? आडवे रस्ते आणि पायी चालणारे. गटातल्या सगळ्यांची सायकल सर्वात मोठ्या चौकाच्या गरजेवर ठरते. एखादा लहान चौक ६० सेकंदांत मजेत चालला असता, त्यालाही १२० घ्यावी लागते आणि त्याच्या आडव्या गल्लीतल्या माणसाला दीड मिनिटापेक्षा जास्त थांबवावं लागतं. अशा ठिकाणी निम्मी सायकल देऊन बघावी. मुख्य रस्ता ओलांडणारा पादचारी आडव्या रस्त्याच्या हिरव्यात ओलांडतो. रस्ता १४ मीटर रुंद आणि चाल सेकंदाला १.२ मीटर धरली तर १२ सेकंद लागतात, शिवाय पाऊल उचलायला दोन-तीन. वर मी आडव्या रस्त्याला १५ च्या खाली नेलं नाही ते यासाठी. मुख्य रस्त्याची लाट रुंद करायच्या नादात हे १५ चे १० केले जातात आणि म्हातारी माणसं मधल्या डिव्हायडरवर अडकतात. हे मला पटत नाही.

शेवटी एक गोष्ट जोडण्याने कधीच होत नाही: क्षमता वाढत नाही. सायकल किती ठेवायची हे काढायला वेबस्टरचं १९५८ सालचं सूत्र आजही वापरतात. एका फेरीत वाया जाणारे सेकंद घ्यायचे, त्याची दीडपट करून पाच मिळवायचे, आणि एकातून चौकावरचा भार वजा करून जे उरेल त्याने भागायचं. भार म्हणजे प्रत्येक बाजूला येणाऱ्या गाड्या भागिले तिथून सतत हिरवा ठेवला तर ताशी निघू शकणाऱ्या गाड्या, आणि त्या सगळ्यांची बेरीज. निघू शकणाऱ्या गाड्यांसाठी आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेसचा) जुना हिशोब रुंदीच्या दर मीटरला ताशी ५२५ पीसीयू, म्हणजे सगळी वाहनं मोटारींच्या हिशोबात मोजून ५२५, असा आहे. चार फेजमध्ये वीस सेकंद वाया जातात असं धरलं, तर भार ०.७ असताना सायकल ११७ सेकंद येते. ०.८ ला १७५. ०.९ ला ३५०, म्हणजे जवळपास सहा मिनिटं, जी कोणी लावणार नाही. भार तिथपर्यंत गेला असेल तर ऑफसेट काहीही ठेवा, रांग उरणारच. मग उजवं वळण बंद करणं, चार फेजच्या तीन करणं, कोपरा रुंद करणं किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर केला तसा ग्रेड सेपरेटर, म्हणजे रस्ते वरखाली वेगळे करणं, हे मार्ग. लाट बसवायची ती भार आटोक्यात असलेल्या चौकांवर.

कोणीतरी लगेच कॅमेऱ्यावर चालणारे, गर्दी बघून आपोआप बदलणारे सिग्नल सुचवेल. सिडनीत, ब्रिटनमध्ये अशा प्रणाली कित्येक दशकं चालू आहेत, आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनेही तयार केली आहे. मोठ्या शहरात त्यांचा उपयोग होतो. पण त्या जगतात गाड्या टिपणाऱ्या डिटेक्टरवर, आणि आपल्याकडे ड्रेनेजसाठी रस्ता खोदला की जमिनीतला डिटेक्टर तुटतो, कॅमेऱ्यापुढे फ्लेक्स येतो, देखभालीचा करार संपतो. मग महागडी प्रणाली साध्या टायमरसारखी चालते. तीन-चार चौकांच्या एका रस्त्यासाठी मी जीपीएस घड्याळ आणि दिवसातल्या वेळेनुसार चार-पाच तक्ते एवढंच सुचवीन: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रविवार, आणि रात्री उशिरा नुसता पिवळा.

आता अर्ज. ‘सिग्नल जोडा’ एवढंच लिहिलंत तर ‘निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करू’ असं उत्तर येईल. त्याऐवजी नेमकं विचारा. या चौकांची सायकल एकच आहे का? कंट्रोलरना जीपीएस आणि बॅटरी आहे का? दिवसात किती तक्ते चालतात? गाड्यांची शेवटची मोजणी कधी झाली? परतीच्या दिशेचा ऑफसेट आणि फेजचा क्रम तपासला आहे का? चालू टायमिंगचा तक्ता २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतो, तोही मागा. सिग्नल बसवतं एक खातं, रोज चालवतात वाहतूक पोलीस, म्हणून अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

सोबत तुमचा तक्ता जोडा. वर सांगितलेल्या सेकंदांच्या नोंदी आणि प्रवासाच्या वेळा: ३६-४० च्या वेगाने दोन्ही दिशांना, कोणत्या चौकात किती वाजता पोचलात, किती सेकंद थांबलात. नोंदी मागे बसलेल्याने करायच्या, चालवणाऱ्याने नाही. मंगळवार ते गुरुवार घ्या. गणपती, दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचे दिवस सोडा. त्या आठवड्यांत रस्ता वेगळाच वागतो आणि कागद बघणारा अधिकारी पहिल्यांदा तारखाच बघतो.